मियाटाला सुपरचार्जर: ताकद वाढवा, पण इंजिन टिकवून

पहिल्या पिढीच्या माझदा मियाटावर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून जादा हवा आत ढकलणारा पंप, चढवणं अवघड नाही. चांगलं किट, टॉर्क रेंच आणि दोन-तीन मोकळे दिवस असले की काम होतं. नंतर ती गाडी वर्षानुवर्षं रोज चालवता यावी यासाठी लागणारी मेहनत मात्र बहुतेक सगळी त्याआधीची आहे. अनेक जण आधी सुपरचार्जर बसवतात आणि मग जे तुटेल ते बदलत जातात. यात पैसे जास्त जातात आणि कधीकधी इंजिनही जातं. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने आहे: आधी इंजिनाची तब्येत, मग उष्णता, मग पेट्रोल आणि ठिणगी, मग मागचा पसारा (क्लच, डिफ्रन्शियल, ब्रेक) आणि शेवटी बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब.

मियाटा, म्हणजे अमेरिकेबाहेरची एमएक्स-५, फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. १.६ लिटरचं इंजिन, अमेरिकी मॉडेलमध्ये ११६ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम टनभर. १९९४ पासून १.८ लिटरचं इंजिन आलं, १२८ हॉर्सपॉवरचं. पुढची एनबी पिढी १४० वर गेली. आज अमेरिका-इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कित्येक मराठी मंडळींच्या गॅरेजमध्ये ही गाडी असते, कारण जुनी मियाटा अजून आवाक्यात आहे, सुटे भाग सहज मिळतात आणि बॉनेट उघडलं की प्रत्येक बोल्टपर्यंत हात पोचतो.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे माझदा हे नाव माहीत झालं ते स्वराज माझदाच्या ट्रकमुळे, मियाटा इथे कधी अधिकृतपणे विकली गेली नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. परदेशातही नियम आहेतच. कॅलिफोर्नियात सुपरचार्जर किटला तिथल्या हवा मंडळाचा ईओ (परवानगीच्या आदेशाचा) क्रमांक लागतो, नाहीतर गाडी स्मॉग तपासणीत अडकते. इंग्लंडमध्ये असा बदल विमा कंपनीला न कळवणं म्हणजे अपघाताच्या वेळी विमा हातचा घालवणं. किट निवडण्याआधी हे पाहून घ्या.

आधी आकडा ठरवा

या लेखातलं उद्दिष्ट आहे चाकांवर १६० ते १७० हॉर्सपॉवर, म्हणजे क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) अंदाजे दोनशे. त्यासाठी ६ ते ८ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) बूस्ट पुरतो. मूळ १.६ ची गाडी चाकांवर शंभरच्या आसपास देते, तेव्हा ही वाढ साठ-सत्तर टक्क्यांची झाली. टनभर वजनाच्या गाडीला तेवढी भरपूर होते.

इथेच थांबायचं, कारण पुढची भिंत कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची आहे. चाकांवरचा टॉर्क २२० पौंड-फुटांच्या पुढे गेला की या इंजिनांचे मूळ रॉड वाकायला लागतात, असा जाणकार ट्यूनरांचा सर्वसाधारण अनुभव आहे. रॉडला हॉर्सपॉवरपेक्षा टॉर्कची भीती जास्त. तुम्हाला अडीचशे हवे असतील तर फोर्ज्ड रॉड, नवे बेअरिंग आणि ऑइल पंपाचे बिलेट गिअर घालून इंजिन नव्याने बांधायला हवं. तो वेगळा खर्च आणि वेगळा लेख.

कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरात हवा किती पट दाबली जाते तो आकडाही पाहा. १.६ चा ९.४, सुरुवातीच्या १.८ चा ९.०, तर २००१ नंतरच्या एनबीचा १०.०. खुद्द माझदाने २००४-०५ मध्ये माझदास्पीड मियाटाला टर्बो लावला तेव्हा कॉम्प्रेशन ८.५ वर आणलं आणि १७८ हॉर्सपॉवरवर समाधान मानलं. कारखान्याने ठेवलेली ही सावधगिरी मला फार बोलकी वाटते. दहाच्या कॉम्प्रेशनवर ८ पीएसआय देणार असाल तर ट्यूनिंगमध्ये चुकायला जागा उरत नाही.

इंजिनाची तब्येत

सर्वांत आधी कॉम्प्रेशन टेस्ट: इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. चार सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. त्यानंतर लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरात दाबाची हवा भरून गळती मोजायची. दहा टक्क्यांपर्यंत गळती ठीक, वीसच्या वर असेल तर सुपरचार्जरचे पैसे इंजिनाच्या कामासाठी राखून ठेवा. हवा कुठून फुसफुसते ते कान लावून ऐका: सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

मग क्रँकचं तोंड. १९९० आणि १९९१ च्या काही गाड्यांमध्ये क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. पुलीच्या मध्यभागी दिसणाऱ्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड तोंडाचा क्रँक, आठ असतील तर नंतरचा लांब तोंडाचा. आखूड क्रँकमध्ये बोल्ट थोडा जरी ढिला झाला तरी पुली जागेवर धरणाऱ्या चावीची (धातूच्या पाचरीची) खाच झिजते, पुली डगमगते, टायमिंग सरकतं आणि शेवटी क्रँक कामातून जातो. टर्बोवाल्यांपेक्षा आपल्याला ही काळजी जास्त, कारण सुपरचार्जर ओढणारा बेल्ट याच टोकावर ताण देतो. खाचा चार निघाल्या तर माझं स्पष्ट मत आहे: त्या इंजिनावर सुपरचार्जर लावू नका. १.८ चं चांगलं इंजिन शोधा आणि तेच टाका, हिशेब तिथेच सरळ होतो.

इंजिनाचा पुढचा भाग उघडलाच आहे तर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँक आणि कॅमचे ऑइल सील एकदमच बदला. टायमिंग बेल्टची मुदत ६०,००० मैल आहे. सुपरचार्जर बसल्यावर तिथे हात घालायला दुप्पट वेळ लागतो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: १९९५ पासूनच्या गाड्यांत डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा खरा दाब दाखवत नाही. दाब आहे की नाही एवढंच तो सांगतो. ऑइल प्रेशर आणि कूलंटचं तापमान दाखवणारे वेगळे गेज लावा.

कोणता सुपरचार्जर

मियाटावर मुख्यतः दोन जाती दिसतात. ईटनचे रूट्स पद्धतीचे एम४५ आणि एम६२, आणि रोट्रेक्सचा सेंट्रिफ्यूगल. एम४५ एका फेऱ्यात ४५ घनइंच, म्हणजे पाऊण लिटरच्या जरा आत हवा ढकलतो, एम६२ साधारण एक लिटर. रूट्समध्ये बूस्ट अगदी खालच्या आरपीएमपासून हजर असतो. शहरात, चढावर, वळणातून बाहेर पडताना त्याची मजा वेगळीच. रोट्रेक्सचा बूस्ट आरपीएमबरोबर चढत जातो, त्यामुळे वरच्या टोकाला तेवढीच हॉर्सपॉवर मिळूनही मधला टॉर्क कमी राहतो. रॉड आणि गिअरबॉक्सला हे सोसतं. रोट्रेक्स हवाही कमी तापवतो आणि त्याच्या पुढे इंटरकूलर लावणं सोपं जातं.

फक्त आनंदासाठी रस्त्यावर चालवायची असेल तर रूट्स घ्या. ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं सलग पिळणार असाल तर रोट्रेक्स. रूट्समध्ये निवड असेल तेव्हा एम६२ घ्यावा, कारण तेवढाच बूस्ट द्यायला मोठा युनिट हळू फिरतो आणि हवा कमी तापवतो. पुली निवडताना गुणाकार करून पाहा. क्रँक पुली आणि सुपरचार्जर पुलीचं प्रमाण २ असेल तर ७००० आरपीएमला सुपरचार्जर १४,००० वर फिरतो. हा आकडा निर्मात्याने दिलेल्या कमाल गतीच्या बराच खाली राहिला पाहिजे.

जुना युनिट घेत असाल तर पुली हाताने फिरवा. खरखर नको, रोटर एकमेकांना घासल्याच्या खुणा नकोत, पुढच्या गिअरकेसमधून ऑइल झिरपलेलं नको. बायपास व्हॉल्व्ह मोकळा हलतो का तेही तपासा. गाडी आरामात चालत असताना हाच व्हॉल्व्ह उघडा राहून सुपरचार्जरवरचा भार काढून घेतो. तो अडकला तर मायलेज पडतं आणि हवा विनाकारण तापते.

उष्णता: खर्च करायचाच तर इथे

मियाटाचं इंजिन मुळात फ्रंट व्हील ड्राइव्ह माझदा ३२३ च्या घराण्यातलं. त्या गाडीत पाणी इंजिनाच्या एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने, थर्मोस्टॅटमधून बाहेर पडायचं. मियाटात इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलं तेव्हा मागे जागा नव्हती, म्हणून थर्मोस्टॅट पुढे आणला. परिणाम असा की पाणी पुढूनच आत येतं आणि बरंचसं पुढूनच बाहेर जातं. चौथ्या, म्हणजे सर्वांत मागच्या सिलिंडरला सर्वांत कमी थंडावा मिळतो. मूळ ताकदीला हे चालून जातं. बूस्टखाली नॉकिंग (सिलिंडरात पेट्रोल अवेळी भडकणं) सुरू झालं तर ते बहुधा याच सिलिंडरात.

यावरचा उपाय म्हणजे कूलंट रीराउट: हेडच्या मागच्या बाजूला आउटलेट आणि थर्मोस्टॅट बसवायचा, पुढचं तोंड बंद करायचं आणि मागून रेडिएटरपर्यंत नळी आणायची. तयार किट मिळतात. इंजिन गाडीत असताना फायरवॉलपाशी हात घालणं जिकिरीचं आहे, म्हणून क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवाल तेव्हाच हे काम उरकून घ्या. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीसाठी मी हे ऐच्छिक मानत नाही.

मूळ रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या वयाबरोबर काळ्याच्या तपकिरी होतात आणि एके दिवशी तडकतात. पूर्ण अॅल्युमिनियमचा जाड रेडिएटर घ्या. त्याहून स्वस्त आणि तेवढंच गुणकारी काम म्हणजे हवेला वाट करून देणं. गाडीच्या तोंडातून आलेली हवा रेडिएटरच्या बाजूने निसटू नये म्हणून फटी फोमने बुजवा आणि खालचा प्लॅस्टिकचा अंडरट्रे जागेवर आहे याची खात्री करा. जुन्या मियाटांमध्ये तो हमखास गायब असतो. तो नसला की हायवेवर गाडी तापते आणि लोक थर्मोस्टॅट बदलत बसतात.

आता सुपरचार्जरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा हिशेब. टेक्ससच्या उन्हाळ्यात बाहेर ३५ अंश सेल्सिअस आहे असं समजू. रूट्सची कार्यक्षमता साधारण ५५ टक्के धरली तर ६ पीएसआयला ही हवा ९० अंशांच्या पुढे जाते आणि ८ पीएसआयला शंभरी ओलांडते. एवढी गरम हवा विरळ असते आणि नॉकिंगला आमंत्रण देते. म्हणून ६ च्या वर जाणार असाल तर इंटरकूलर हवाच. रूट्सची मांडणी इंटरकूलर बसू देत नसेल तर पाणी-मिथेनॉलचा फवारा हा मार्ग आहे, पण टाकी रिकामी झाली किंवा पंप बंद पडला तर ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं पाहिजे अशी सोय त्यात ठेवा. ती नसेल तर फवारा नको, बूस्टच कमी ठेवा.

पेट्रोल, ठिणगी आणि ईसीयू

१.६ च्या गाड्यांमध्ये हवा मोजायला झडपेचा एअरफ्लो मीटर आहे. तो पूर्ण उघडला की त्यापुढे किती हवा येते हे ईसीयूला कळतच नाही. जुन्या किटमध्ये यावर तोडगा म्हणून बूस्टबरोबर पेट्रोलचा दाब चढवणारा रेग्युलेटर देत. ५ पीएसआयपर्यंत तो काम भागवतो. एनबीला तोही लागू होत नाही, कारण तिथे पेट्रोल परत टाकीत नेणारी लाइनच नाही. आजच्या काळात प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू घ्या, मेगास्क्वर्ट किंवा त्याच्या तोडीचा. बूस्ट वाचू शकणारा मॅप सेन्सर, इनटेकच्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर त्याच्याबरोबर येतातच असं समजून बजेट करा. इनटेकचा सेन्सर सुपरचार्जरच्या पुढे, म्हणजे तापलेल्या हवेत बसवा, नाहीतर तो बाहेरचं हवामान सांगत राहतो.

इंजेक्टरचा हिशेब घरीच करता येतो. सुपरचार्ज केलेल्या इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे ताशी ०.६ पौंड पेट्रोल धरा. २०० हॉर्सपॉवरला १२० पौंड, चार इंजेक्टरमध्ये वाटले की प्रत्येकी ३०. इंजेक्टर ८० टक्क्यांहून अधिक वेळ उघडा राहू नये, म्हणून ३० भागिले ०.८, म्हणजे साडेसदतीस पौंड. मिनिटाला साधारण ३९५ सीसी. मूळ इंजेक्टर यापेक्षा फारच लहान आहेत. ४२० ते ५५० सीसीमधला चांगल्या कंपनीचा, प्रवाह मोजून जुळवलेला संच घ्या. नकली इंजेक्टर आणि नकली पेट्रोल पंप बाजारात भरपूर आहेत आणि पंपाचा दाब वरच्या आरपीएमला पडला तर पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही. पंप आणि फिल्टर विश्वासू दुकानातूनच घ्या.

मूळ प्लगची फट १.१ मिलिमीटरच्या आसपास असते. बूस्टखाली दाट हवेत एवढी फट ओलांडताना ठिणगी विझते आणि इंजिन अडखळतं. एनजीकेचे एक-दोन पायऱ्या थंड प्लग, उदाहरणार्थ बीकेआर७ई, घाला आणि फिलर गेजने फट ०.७ ते ०.८ वर आणा. जुन्या हायटेन्शन वायर याच वेळी बदला.

क्रँककेसमधला वायू इनटेकमध्ये सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह विसरू नका. बूस्ट सुरू झाला की जुनाट व्हॉल्व्हमधून दाबाची हवा क्रँककेसमध्ये घुसते आणि सगळे सील ऑइल गाळायला लागतात. नवा व्हॉल्व्ह, त्याच्या जोडीला चेक व्हॉल्व्ह (हवा उलट जाऊ न देणारा) आणि एक कॅच कॅन (ऑइल अडवणारा डबा), एवढ्यावर हा त्रास मिटतो.

क्लच, डिफ्रन्शियल, ब्रेक

१.६ ची क्लचप्लेट २०० मिलिमीटरची, १.८ ची २१५ ची. १.८ चा फ्लायव्हील आणि क्लच १.६ ला बसतो, तेव्हा कडक प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक प्लेट असलेला २१५ चा संच टाका. सिरॅमिकच्या प्लेटा रस्त्यावर झटके देतात, इतक्या ताकदीला त्यांची गरज नाही.

१.६ चा डिफ्रन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) ६ इंची आहे आणि त्याचं दुबळेपण प्रसिद्ध आहे. क्लच झटकन सोडून गाडी पळवली की त्याचे दात जातात. १९९४ पासूनचा ७ इंची डिफ्रन्शियल, जमल्यास टॉर्सेन (एकच चाक घसरू न देणारी यंत्रणा) असलेला, हाच योग्य बदल. त्याबरोबर त्याचे ड्राइव्हशाफ्ट आणि प्रॉपेलर शाफ्टही घ्यावे लागतात, म्हणून एकाच गाडीतून काढलेला पूर्ण संच शोधा. पाच गिअरचा बॉक्स आपल्या आकड्याला पुरतो, फक्त खालच्या आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पूर्ण पेडल दाबून त्याला पिळू नका. ऑइल मात्र नवं भरा.

ब्रेकसाठी १.८ च्या २५५ मिलिमीटरच्या डिस्क १.६ च्या २३५ वाल्यांच्या जागी बसवता येतात. चांगले पॅड आणि ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल. टायर जुने असतील तर आधी टायर.

बसवणी आणि बेल्ट

किटच्या सूचनापुस्तिकेवर इथे काही वाढवायची गरज नाही, बेल्ट सोडून. पुली एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून पाहा. मिलिमीटरभर फरकानेही बेल्ट कडेने झिजतो आणि रबराची काळी भुकटी उडते. बेल्ट घसरला की वरच्या आरपीएमला बूस्ट वाढायच्या ऐवजी पडतो. गेजवर असं दिसलं तर आधी ताण तपासा. पण ताण वाढवायलाही मर्यादा आहे, कारण जादा ओढ थेट क्रँकच्या तोंडावर आणि बेअरिंगवर येते. क्रँकवरचा रबरी डॅम्पर काढून हलकी घन पुली लावायचा मोह टाळा. तो डॅम्पर क्रँकची थरथर शोषतो आणि ती थरथरच ऑइल पंपाचे ठिसूळ गिअर फोडते. याच कारणासाठी रेव्ह लिमिट ७००० वर ठेवा.

ट्यूनिंग

पहिल्यांदा सुपरचार्जरचा बेल्ट न लावता इंजिन चालू करा. किटच्या मांडणीत ते शक्य नसेल तर निदान बूस्टमध्ये जाऊ नका. आयडल, गार इंजिनाची सुरुवात आणि साधं क्रूझिंग व्यवस्थित जुळू द्या, दोन-तीन दिवस तशीच चालवा, गळती शोधा.

मग डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), बूस्टचं ट्यूनिंग जाणणाऱ्या माणसाकडे. बूस्टखाली हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ ते १२ दरम्यान हवं. टायमिंगची सुरुवात दर पीएसआयमागे एक अंश मागे घेऊन करा आणि नंतर हळूहळू पुढे आणा. टायमिंग एक अंश पुढे नेऊन टॉर्क वाढत नसेल तर तो अंश परत घ्या, त्यात नुसता धोका उरतो. सुरुवातीच्या १.६ ला नॉक सेन्सरच नाही, तेव्हा ट्यूनरने ब्लॉकला लावलेल्या माइकवरून हेडफोनने ऐकलं पाहिजे. तो तसं करत नसेल तर दुसरा ट्यूनर शोधा.

ट्यूनिंग ज्या पेट्रोलवर केलं तेच कायम भरा. अमेरिकेतल्या पंपावरचा ९१ चा आकडा युरोपातल्या ९५ च्या जवळपास येतो, कारण मोजायची पद्धत वेगळी आहे. टेक्ससमध्ये ९३ वर ट्यून केलेली गाडी कॅलिफोर्नियात ९१ वर चालवायची असेल तर ईसीयूत पेट्रोल आणि टायमिंगचा दुसरा, सौम्य नकाशा (तक्ता) हवा. ईसीयूत सुरक्षेची कुंपणंही घालून घ्या: बूस्टमध्ये प्रमाण १२.५ च्या वर गेलं, कूलंट १०५ अंशांच्या पुढे गेलं किंवा ऑइलचा दाब पडला की इंजिन स्वतःहून ताकद कापेल.

पहिल्या पाचशे मैलांत एकेक प्लग काढून पाहा. पोर्सेलीनवर काळे ठिपके किंवा चकाकते बारीक कण दिसले तर नॉकिंग होतंय, गाडी तिथेच थांबवा आणि लॉग (ईसीयूने ठेवलेली नोंद) काढा. एक्झॉस्टचे आणि ब्रॅकेटचे सगळे बोल्ट एकदा गरम-थंड होऊन गेल्यावर पुन्हा टॉर्क करा. इंजिन ऑइल दर ३००० मैलांना बदला, सुपरचार्जरच्या गिअरकेसचं किंवा रोट्रेक्सच्या स्वतंत्र टाकीतलं ऑइल निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचंच भरा. लॉग दर महिन्याला जुन्या लॉगशेजारी ठेवून पाहत जा: तेवढ्याच आरपीएमला बूस्ट अर्धा पीएसआय कमी दिसला तर बेल्ट, इनटेकची हवा नेहमीपेक्षा गरम दिसली तर बायपास व्हॉल्व्ह किंवा इंटरकूलर, इंजेक्टर जास्त वेळ उघडे दिसले तर पेट्रोलचा फिल्टर.